खण भरण्याआधी

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार. कपाटाचा फोटो पाहिला. सुताराने काम झकास केलंय, खणही बरोबर ११८, प्रत्येक मूलद्रव्याला एक. पण सोबतची खरेदीची यादी वाचून मी कपाळाला हात लावला. सगळ्या मूलद्रव्यांचे शुद्ध नमुने, एकसारख्या कुप्यांत, खाली चिठ्ठी! लेका, आवर्त सारणीत बहुतेक धातूच आहेत आणि त्यातले बहुतेक दिसायला करडे-चंदेरी. रोडियम, इरिडियम, टायटॅनियम ओळीने मांडून चिठ्ठ्या काढल्या, तर तुला तरी ओळखू येतील का? पाहुणा दोन मिनिटं बघेल, ‘छान’ म्हणेल आणि विषय बदलेल.

माझं ऐकशील तर वापरातल्या वस्तू जमव. त्याही अशा, की ते मूलद्रव्य नसतं तर ती वस्तू तशी झालीच नसती. जुना तारेचा बल्ब घे. टंगस्टन ३४२२ अंश सेल्सियसला वितळतो, धातूंमध्ये सगळ्यात उशिरा. म्हणूनच त्याची तार लख्ख प्रकाश देण्याइतकी तापूनही वितळत नाही. कुपीतल्या तुकड्यात यातलं काय दिसणार? (हातात घेतला तर वजन जाणवतं, हे कबूल, त्याची घनता जवळपास सोन्याइतकी. पण तू कोणाला हात लावू देणार आहेस का?)

मॅग्नेशियमसाठी तर घरातलाच धातूचा शार्पनर बघ. सगळे नव्हे, पण बरेच शार्पनर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असतात. हातात घेतल्यावर धातूच्या मानाने फारच हलका वाटला, तर पातं काढ, एक कोपरा कानशीने थोडा घास आणि त्यावर व्हिनेगरचा थेंब टाक. मॅग्नेशियम असेल तर लगेच बारीक बुडबुडे फसफसत वर येतात. तो हायड्रोजन. अॅल्युमिनियम किंवा जस्ताचा असेल, तर थेंब बराच वेळ नुसताच बसून राहतो. थेंब पुसून टाक आणि घासलेली बाजू पुढे करून शार्पनर खणात ठेव.

निऑनलाही वेगळी नळी नको. वीज आहे की नाही हे बघायचा टेस्टर असतो ना, त्याच्या दांड्यातला नारिंगी दिवा निऑनचाच. टेस्टरमधल्या मोठ्या रोधातून आणि तुझ्या अंगातून मिळून जो नगण्य प्रवाह जातो, तेवढ्यावरही तो उजळतो. साधा बल्ब तेवढ्यात मिणमिणणारसुद्धा नाही.

एक नियम मात्र आधीच ठरव: एक वस्तू, एक खण. नाहीतर लबाडीला अंत नाही. पाऱ्याऐवजी हल्ली काही तापमापकांत गॅलियम, इंडियम आणि कथील यांचं मिश्रण भरतात. एका तापमापकावर तीन खण भरल्याचा दावा मी मान्य करणार नाही. तो इंडियमला दे. गॅलियमसाठी मी माझ्या संग्रहात वापरातल्या वस्तूचा आग्रह सोडून शुद्ध तुकडाच ठेवलाय, कारण तो २९.७६ अंशाला वितळतो, म्हणजे तळहातावर. शिवाय त्यामागची हकिगत मला फार आवडते. आवर्त सारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने १८७१ मध्ये, हे मूलद्रव्य सापडण्याआधीच, त्याची घनता पाण्याच्या ५.९ पटीच्या आसपास सांगून ठेवली होती. १८७५ मध्ये ब्वाबॉद्रां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला ते सापडलं, पण त्याने मोजलेली घनता भरली ४.७. मेंडेलीव्हने कळवलं, नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा. पुन्हा मोजली, ती ५.९! ज्याने कधी पदार्थ पाहिलाही नव्हता त्याने, तो हातात असलेल्याला चूक दाखवावी, म्हणजे कमाल आहे.

शेजार जपायला विसरू नकोस. आयोडीनची वाफ साध्या प्लॅस्टिकच्या झाकणातून हळूहळू निसटते आणि आसपासचं लोखंड खाते. त्याला काचेत वितळवून बंद केलेलंच घे. गंधकाजवळ चांदी काळवंडते. गॅलियम अॅल्युमिनियमच्या पट्टीवर सांडलं, तर पट्टी ठिसूळ होऊन हातात मोडेल. पाऱ्याचा जुना तापमापक मिळाला, तर तो जाड नळीत घालून नळीचं तोंड बंद कर.

किरणोत्सारी खण रिकामे राहणार असं तुला वाटतंय, पण सगळे नाही. आयनीकरण पद्धतीच्या धूरशोधकात अमेरिसियम-२४१ असतं, अर्धायुष्य (म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे ४३२ वर्षं. अख्खं यंत्र न उघडता ठेव. आतली चकती काढायचा मोह झाला, तर मला फोन कर, मी शिव्या घालतो. जुन्या गॅसबत्तीच्या जाळीदार पिशवीत थोरियम असायचं. त्याचं अर्धायुष्य १,४०० कोटी वर्षं, म्हणजे विश्वाच्या वयाच्या घरात. न वापरलेली मिळाली, तर पाकिटातच राहू दे. जळलेल्या पिशवीची राख उडते आणि ती श्वासात जायला नको.

बाकी फ्रान्सियम वगैरेंचा नाद सोड. त्याचं सगळ्यात टिकाऊ समस्थानिकसुद्धा (म्हणजे त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणुप्रकार) २२ मिनिटांत निम्मं होतं. अशा खणांत काहीजण शास्त्रज्ञांची टपाल तिकिटं लावतात. मला ती पळवाट वाटते. रिकामा खण रिकामाच दिसू दे, चिठ्ठीवर अर्धायुष्य लिही. लोक सगळ्यात जास्त प्रश्न त्याच खणांबद्दल विचारतात.

आता माझं काम. तुझ्याकडे जुने रेडिओ पडलेत. त्यांत एखादा काचेचा छोटा डायोड असेल. भिंगाखाली धरलास तर आत जर्मेनियमच्या कणावर टेकलेली मांजराच्या मिशीसारखी तार दिसेल. माझा ३२ नंबरचा, म्हणजे जर्मेनियमचा, खण अजून मोकळा आहे. सापडला तर तारा न वाकवता कापसात गुंडाळून पाठव. बदल्यात बिस्मथचा स्फटिक देतो, निळ्या-गुलाबी पायऱ्यापायऱ्यांचा. वापरातली वस्तू नाही, माहीत आहे. तरी तू नाही म्हणणार नाहीस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय