टेक्ससच्या वाऱ्याकडे आपणही नीट पाहावे

महोदय,

अमेरिकेत ४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या स्वाक्षरीने जो कायदा झाला, त्याने पवन आणि सौर प्रकल्पांच्या करसवलतींना मोठी कात्री लावली. तेव्हापासून आपल्याकडील चर्चेत, स्वच्छ ऊर्जा हा डाव्यांचा आग्रह आणि उद्योगांची स्पर्धाक्षमता हा उजव्यांचा, अशी वाटणी गृहीत धरली जाऊ लागली आहे. ही वाटणी मला चुकीची वाटते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ती मान्य केली तर आपल्या राज्याला उपयोगी पडेल असा एक मोठा अनुभव आपण न वाचताच बाजूला ठेवू.

पवनऊर्जेला प्रति युनिट निर्मितीवर करसवलत देण्याची कल्पना आयोवाचे, उजव्या रिपब्लिकन पक्षाचे सिनेटर चक ग्रासली यांनी पुढे नेली आणि १९९२ मध्ये त्याच पक्षाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थोरले (जॉर्ज एच. डब्ल्यू.) बुश यांच्या स्वाक्षरीने ती कायद्यात आली. पवनचक्की उभी केली म्हणून नव्हे, तर तिने वीज दिली म्हणून पैसे मिळणार, आणि तेही पहिली दहा वर्षेच, हे तिचे सूत्र होते. आज आयोवात तयार होणाऱ्या विजेपैकी निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून येते. तेथील शेतकऱ्याला पवनचक्कीच्या जागेचे भाडे मिळते आणि पीक बुडाले तरी ते भाडे बुडत नाही.

टेक्ससची गोष्ट अधिक बोलकी आहे, कारण ते तेल आणि नैसर्गिक वायूचे राज्य आहे. १९९९ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ज्या कायद्याने वीजबाजार स्पर्धेला खुला केला, त्याच कायद्यात २,००० मेगावॉट नव्या अक्षय ऊर्जेचे उद्दिष्टही होते. ते मुदतीआधीच गाठले गेले, पण वारा राज्याच्या पश्चिमेला आणि विजेची मागणी डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टन या शहरांकडे, अशी अडचण उभी राहिली. पारेषण वाहिनी नाही म्हणून बँका प्रकल्पाला कर्ज देत नव्हत्या आणि प्रकल्प नाही म्हणून वाहिनी बांधायला कोणी पुढे येत नव्हते. २००५ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर रिक पेरी यांच्या काळात विधिमंडळाने हा पेच सोडवला. वाऱ्याचे पट्टे आधी निश्चित करायचे, प्रकल्पांची वाट न पाहता तेथपर्यंत वाहिन्या न्यायच्या आणि खर्च सर्व ग्राहकांमध्ये वाटायचा, असे ठरले. सुमारे सात अब्ज डॉलर खर्चून सुमारे ३,६०० मैलांच्या वाहिन्या २०१४ पर्यंत पूर्ण झाल्या. कोणता प्रकल्प कोणी आणि कोठे उभारावा हे सरकारने सांगितले नाही. रस्ता बांधून दिला आणि बाजार खुला ठेवला. पवनऊर्जेत टेक्सस आज अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आहे. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात दोनशेहून अधिक माणसे दगावली, तेव्हा काही नेत्यांनी पवनचक्क्यांवर खापर फोडले. परंतु नंतरच्या चौकशीत सर्वांत मोठा वाटा गोठलेल्या वायुपुरवठ्याचा आणि वायूवरील वीज केंद्रांचा असल्याचे दिसून आले.

म्हणूनच २०२५ च्या कायद्याकडे मी पक्षाच्या नव्हे, तर धोरणाच्या स्थैर्याच्या दृष्टीने पाहतो. ४ जुलै २०२६ पर्यंत बांधकाम सुरू न केलेल्या पवन आणि सौर प्रकल्पांना सवलत हवी असेल, तर २०२७ च्या अखेरीपर्यंत वीजनिर्मिती सुरू करण्याची अट त्यात आहे. अणुऊर्जा, भूऔष्णिक ऊर्जा आणि वीजसाठवणुकीला मात्र बरीच अधिक मुदत दिली आहे. सवलत कधी तरी संपावी, हे मला मान्य आहे. परंतु कारखान्यांची गुंतवणूक झाल्यावर मध्येच नियम बदलणे उजव्या अर्थविचाराच्या कोणत्याही कसोटीवर टिकत नाही. मर्कोव्स्की, टिलिस, कर्टिस आणि मोरान या चार रिपब्लिकन सिनेटरांनी एप्रिल २०२५ मध्ये आपल्याच नेतृत्वाला पत्र लिहून सरसकट रद्दबातल करण्याविरुद्ध हाच इशारा दिला होता.

आपण हे आधी भोगले आहे. सातारा आणि धुळे जिल्ह्यांतील पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या मुख्यतः वेगवर्धित घसाऱ्याच्या सवलतीमुळे, म्हणजे यंत्राची बरीचशी किंमत सुरुवातीच्या वर्षांतच करपात्र उत्पन्नातून वजा करण्याच्या मुभेमुळे. ही सवलत यंत्र बसवल्याबद्दल होती, ते किती वीज देते याच्याशी तिचा संबंध नव्हता. २००९ मध्ये केंद्राने प्रति युनिट ५० पैशांचे निर्मितीआधारित प्रोत्साहन आणले, ही योग्य सुधारणा होती. पण २०१२ मध्ये दोन्ही सवलती एकदम थांबल्या, त्या वर्षी देशातील नवी पवन क्षमता जवळपास निम्म्यावर आली आणि पुढे दोन्ही सवलती पुन्हा सुरू कराव्या लागल्या. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान उद्योजकाला अशी दोन वर्षे पेलत नाहीत.

स्पर्धाक्षमतेचा प्रश्न आता आपल्या दारात आला आहे. आयात पोलाद, ॲल्युमिनियम यांसारख्या मालावर प्रदूषणाच्या प्रमाणात शुल्क लावावे, असे विधेयक लुईझियानाचे बिल कॅसिडी आणि साउथ कॅरोलायनाचे लिंडसे ग्रॅहम या रिपब्लिकन सिनेटरांनी २०२३ मध्ये मांडले आणि २०२५ मध्ये पुन्हा आणले. अमेरिकेतील बहुतांश पोलाद कमी प्रदूषण करणाऱ्या विद्युत भट्टीत तयार होते, त्यामुळे असे शुल्क अमेरिकी उद्योगाच्या फायद्याचे ठरेल, असा त्यांचा सरळ हिशेब आहे. ते विधेयक अद्याप मंजूर झालेले नाही, पण युरोपीय संघाच्या सीमा कार्बन आकारणीचे, म्हणजे आयात मालाच्या निर्मितीत झालेल्या कार्बन उत्सर्जनावरील शुल्काचे, दायित्व १ जानेवारी २०२६ पासून सुरू झाले आहे. आपले पोलाद मोठ्या प्रमाणावर कोळशावर अवलंबून आहे आणि प्रति टन उत्सर्जनात आपण जागतिक सरासरीच्या वर आहोत.

जालन्याच्या इंडक्शन भट्ट्यांना वीजदर हाच मोठा खर्च आहे आणि गडचिरोलीत पोलाद प्रकल्पांचे नियोजन सुरू आहे. या दोन्ही ठिकाणी स्वस्त आणि स्वच्छ वीज पोहोचवणाऱ्या वाहिन्या प्रकल्पांच्या आधी उभ्या राहाव्यात, त्यांचा खर्च कोणी आणि कसा वाटून घ्यायचा हे उघडपणे ठरावे आणि खुल्या प्रवेशाचे (वितरण कंपनीऐवजी थेट उत्पादकाकडून वीज घेण्याचे) तसेच बँकिंगचे (जास्तीची वीज ग्रिडमध्ये जमा करून नंतर वापरण्याचे) नियम किमान दहा वर्षांसाठी जाहीर करून त्यांत मध्ये फेरफार होऊ नये, अशी राज्य सरकारला आणि वीज नियामक आयोगाला माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, सातारा