दवाखान्यातली बंद खिडकी : महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका,
महापालिका मार्ग, फोर्ट, मुंबई.

विषय : दवाखाने, शाळा आणि पुनर्वसन वसाहतींत हवा खेळती ठेवून संसर्ग रोखण्याबाबत.

माननीय महोदय,

गेल्या पावसाळ्यात माझे वडील रक्तदाब तपासून घेण्यासाठी आमच्या भागातील एका दवाखान्यात गेले होते. त्यांचे तरुणपण गिरणीच्या साचेखात्यात गेले आणि फुप्फुसे आता थकली आहेत, म्हणून घरात आम्ही पुष्कळ जपतो. बाहेरून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय त्यांच्याजवळ कोणी बसत नाही आणि नातवाला सर्दी झाली की तो स्वतःहूनच आजोबांच्या खोलीचा उंबरठा ओलांडत नाही. दवाखान्यात मात्र ते दीड तास बसले. खोली दहा बाय बाराची, माणसे चौदा-पंधरा, एसी चालू म्हणून खिडक्या लावलेल्या, त्यांतली एक तर औषधांच्या खोक्यांमागे कायमची बुजलेली. शेजारच्या बाकावर तापाने फणफणलेले एक मूल आईच्या मांडीवर खोकत होते. तिसऱ्या दिवशी वडिलांना ताप भरला, फ्लूचे निदान झाले आणि त्यांना अकरा दिवस रुग्णालयात काढावे लागले. संसर्ग त्याच खोलीत झाला हे मला सिद्ध करता येणार नाही आणि त्या आईला तर मी मुळीच दोष देत नाही. आजारी लेकराला घेऊन ती दवाखान्यात नाही तर कुठे जाणार? परंतु बऱ्या माणसांनी आणि आजारी माणसांनी एकमेकांचा श्वास तास-दीड तास घेत बसावे अशी ती खोली कोणी तरी तशी ठेवली होती, आणि ती तशी नसती ठेवली तरी चालले असते, एवढे मला खात्रीने वाटते.

हात धुवा, खोकताना तोंडावर रुमाल धरा, गर्दी टाळा, असे फलक महापालिका वर्षानुवर्षे लावत आली आहे. ते चुकीचे नाहीत. एकतीस वर्षे शाळेत मी हेच मुलांना शिकवले. हगवण, कावीळ, विषमज्वर, डोळे येणे या आजारांत स्वच्छ हातांइतका स्वस्त उपाय दुसरा नाही, आणि जुलाब-उलट्यांच्या काही विषाणूंपुढे तर सॅनिटायझरचाही फारसा उपयोग होत नाही, तिथे साबण आणि वाहते पाणीच लागते. म्हणून मंडयांत आणि सार्वजनिक शौचालयांत नळाशेजारी साबण असलाच पाहिजे, ही मागणी मी इथेच नोंदवून पुढे जाते, कारण माझे मुख्य म्हणणे हवेबद्दल आहे. हात ज्याचे त्याला धुता येतात. हवा सगळ्यांची एकच असते.

चाळीत एका टोकाच्या बिऱ्हाडात मिरचीची फोडणी पडली की दुसऱ्या टोकाच्या माणसाला ठसका लागतो, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. क्षयरोग, गोवर, फ्लू आणि करोना यांचा प्रसार बराचसा असाच होतो. खोकल्याबरोबर उडणारे मोठे थेंब हात-दोन हातांवर खाली पडतात, पण बोलताना, गाताना, नुसता श्वास सोडतानाही जे अतिसूक्ष्म कण बाहेर येतात ते बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहू शकतात. गोवराचा विषाणू तर रुग्ण निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकून राहू शकतो. भिंतीवर बसवलेला साधा एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा फिरवतो, ही गोष्ट मी ज्यांना ज्यांना सांगितली त्यांतल्या बहुतेकांना ती नवी होती. गार वाटते म्हणून हवा ताजी आहे असा समज होतो आणि खिडकी उघडण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

हवा किती शिळी झाली आहे हे मोजताही येते. आपण सोडलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. मोकळ्या हवेत त्याचे प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे ४२० इतके असते. खोलीत ते हजाराच्या वर जाऊन तिथेच राहू लागले, तर आपण इतरांनी सोडलेली हवाच पुन्हा आत घेत आहोत असे समजावे. हे मोजणारे यंत्र तळहातावर मावते. महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात आणि प्रत्येक ‘आपला दवाखान्या’त असे एक यंत्र रुग्णांना दिसेल अशा जागी लावावे, आणि आकडा वाढला की खिडकी उघडणे व बाहेर हवा फेकणारा पंखा लावणे हे तिथल्या कर्मचाऱ्याचे नेमून दिलेले काम असावे, अशी माझी पहिली विनंती आहे.

दुसरी विनंती याहून साधी आहे. ताप, खोकला किंवा अंगावर पुरळ असलेल्या रुग्णाला दारातच ओळखून मास्क द्यावा आणि त्याच्यासाठी बाहेर, छपराखाली, वेगळा बाक ठेवावा. २०२२ च्या अखेरीस गोवंडी आणि आसपासच्या भागांत गोवराची साथ आली आणि लहान मुले दगावली, हे आपण सारे जाणतो. गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते. त्याआधीची, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची बाळे इतर लसींसाठी दवाखान्यात येतात, आणि गोवराविरुद्ध आईकडून आलेले संरक्षण या महिन्यांत कमी कमी होत जाते. त्या बाळांना पुरळ उठलेल्या मुलाशेजारी बसवणे हा धोका केवळ बाकांच्या मांडणीने टाळता येण्याजोगा आहे. लसीकरणाची वेळ आणि तापाच्या रुग्णांची वेळ वेगळी ठेवता आली, तर फारच उत्तम.

खिडक्या उघडल्या की डास येतात, धूळ येते, शेजारच्या बांधकामाचा आवाज येतो, असे उत्तर मला अनेकदा मिळाले आहे. डेंग्यू-मलेरियाच्या शहरात हे म्हणणे उडवून लावता येत नाही. त्यासाठी खिडकीला जाळी असावी, समोरासमोरच्या खिडक्या थोड्या तरी उघड्या असाव्यात, आणि हिवाळ्यात बाहेरची हवाच धुरकट असते त्या दिवसांत खोलीत हवा गाळणारे यंत्र चालवावे. यातले काहीही आपल्या महापालिकेच्या आवाक्याबाहेरचे नाही.

महोदय, हवेसाठी हे शहर एकदा मुळापासून बदलले गेले आहे. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उद्भवल्यानंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, आणि समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले गेले. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, त्यामुळे त्या वेळचा तर्क त्या रोगापुरता बरोबर नव्हता, आणि त्या पाडापाडीत गरिबांची घरे गेली हेही विसरता येत नाही. परंतु ज्या रोगांना मोकळी हवा खरोखरच रोखते ते रोग आज आपल्यात असताना आपण उलट दिशेने चाललो आहोत. गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या जवळजवळ उभ्या केल्या आहेत की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. अशा ऊन-वारा न पोहोचणाऱ्या घरांचा क्षयरोगाशी असलेला संबंध ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या अभ्यासातून २०१८ मध्ये समोर आला. क्षयरोग्याने नियमित औषधे सुरू केली की बहुधा काही आठवड्यांतच त्याच्यापासून इतरांना असलेला धोका पुष्कळ कमी होतो, पण निदान होण्याआधीचे महिने तो याच खोलीत, याच माणसांत काढतो. पुनर्वसनाच्या योजना केवळ आपल्या अखत्यारीत नाहीत याची मला जाणीव आहे. तरीही दोन इमारतींमधले अंतर हा आरोग्याचा प्रश्न आहे, असे लेखी मत आपल्या आरोग्य खात्याने प्रत्येक नव्या योजनेवर नोंदवावे.

प्लेगच्या त्याच काळात सक्तीच्या झडत्यांना भिऊन लोक आपले रुग्ण लपवून ठेवत. आजही माणसे आजार लपवतात, आता रोजंदारी बुडेल या भीतीने. रस्ता झाडणारा कंत्राटी कामगार ताप अंगावर काढून कामावर येतो, कारण खाडा पडला की त्या दिवसाचे पैसे जातात. तो बेजबाबदार नाही, त्याला घर चालवायचे आहे. महापालिका ज्यांच्याकडून काम करून घेते त्या प्रत्येक कंत्राटात आजारपणाची पगारी रजा असावी आणि ती खरोखर मिळते की नाही हे तपासले जावे.

शाळांबद्दल मला स्वतःचीही चूक सांगितली पाहिजे. शंभर टक्के हजेरीची प्रशस्तिपत्रे मी वर्षानुवर्षे माझ्या हातांनी वाटली. ती मिळावीत म्हणून मुले अंगात कणकण असताना वर्गात येऊन बसत आणि मला त्याचे कौतुक वाटे. आता ते आठवले की वाईट वाटते. पालिकेच्या शाळांत हे बक्षीस बंद करावे, आणि ताप उतरल्यावर एक पूर्ण दिवस मूल घरी राहिले तर त्याची हजेरी कापू नये.

पुढच्या महिन्यात वडिलांना पुन्हा त्याच दवाखान्यात न्यायचे आहे. तो खाजगी असल्याने आपला आदेश तिथे थेट लागू होणार नाही. परंतु पालिकेच्या दवाखान्यांत बाहेरचा बाक आणि उघडी खिडकी दिसू लागली, तर आमच्या डॉक्टरांकडे तेच मागणे मला सोपे जाईल. तोवर कंपाउंडरशी माझे बोलणे झाले आहे. आम्ही खाली जिन्यापाशी थांबू आणि नंबर आला की ते फोन करतील. वडिलांना फार वेळ उभे राहवत नाही, म्हणून घरातली घडीची खुर्ची मी बरोबर नेणार आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
लालबाग, मुंबई.