‘कन्सल्टन्सी’ लिहू की ‘डिटेक्टिव्ह’? गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात स्वतःच्या व्यवसायाच्या नोंदणीचा गुमास्ता काढायला पुण्यातल्या एका ई-सेवा केंद्रात गेले होते. व्यवसाय काय, असं विचारल्यावर मी ‘खासगी डिटेक्टिव्ह’ म्हणाले. कॉम्प्युटरवरच्या पोराने मान वर करून मला एकदा नीट बघून घेतलं. “मॅडम, तसलं काही नका टाकू. कन्सल्टन्सी टाकतो.” मी अर्ज तसाच सोडून घरी आले. तिथे काय लिहायचं, हे तुम्हालाच विचारावं म्हणून हे पत्र.

मी मूळची बार्शीची. पीएसआय व्हायचं म्हणून सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत चार वर्षं काढली. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचले, मग घरून पैसे यायचे थांबले आणि एका डिटेक्टिव्ह एजन्सीत लागले. मुलाखतीत प्रश्न दोनच: गाडी स्वतःची आहे का, आणि तोंडाला स्कार्फ बांधता का. पुण्यात दुचाकीवरच्या पोरींचे नुसते डोळे दिसतात. पाळतीला बसायला याहून बरं वेषांतर कुठलं? प्रशिक्षण म्हणाल तर तेवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी कोथरूडमधल्या एका सोसायटीसमोर उभी होते.

काम थरारक वगैरे नसतं. माझ्या वाट्याला आलेली बहुतेक कामं स्थळाच्या चौकशीची. पूर्वी हे मामा-मावशा करायच्या. गावात जाऊन किराणावाल्याला विचारायचं, मुलगा पितो का, घरावर कर्ज आहे का. आता स्थळ मोबाइलवर येतं, मुलगा हिंजवडीत आणि त्याचे आईवडील जळगावला. चौकशी करायची कुणाकडे? मग लोक आमच्याकडे येतात. माझ्या वहीतल्या नोंदी अशा: ‘१०.४० बाहेर पडला, आकाशी शर्ट. ११.०५ टपरीवर चहा, सोबत दोघे.’ उरलेला दिवस वाट बघण्यात जातो, आणि बाईमाणसाला जवळपास स्वच्छतागृह कुठे आहे ते शोधण्यात.

ज्या वॉचमनच्या वहीत खोटं नाव लिहून मी आत शिरते, त्याच्यासाठी २००५चा केंद्रीय कायदा आहे. त्याच्या एजन्सीला परवाना लागतो. केंद्राच्या नमुना नियमांत त्याला १६० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय, १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष. मला शून्य तास. आमच्यासाठीही २००७मध्ये राज्यसभेत विधेयक आलं होतं. परवाना, केंद्रात आणि राज्यांत मंडळं, सगळं होतं त्यात. त्याचा कायदा काही झाला नाही. जीएसटीच्या यादीत मात्र आम्ही सापडतो: कोड ९९८५२१, अन्वेषण सेवा, १८ टक्के.

परवाना नसल्याचं मला तितकं दुःख नाही. काय करायचं नाही, हे कुणीच सांगत नाही, त्याची भीती वाटते. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ मी अभ्यासिकेत पाठ केलं होतं. नको म्हणत असतानाही पुरुषाने स्त्रीच्या मागे लागून संपर्क साधायचा प्रयत्न केला, किंवा तिच्या ई-मेल-इंटरनेटवर नजर ठेवली, तर तो गुन्हा. शासनाने ज्याच्यावर गुन्हे रोखण्याची किंवा शोधण्याची जबाबदारी सोपवली असेल, त्याला त्यात सूट आहे. आमच्यावर शासनाने काहीच सोपवलेलं नाही. आमचे साहेब मात्र हसून म्हणायचे, “कलमात पुरुष लिहिलंय, म्हणून तर तुला घेतली.” हे ऐकून मी काय करावं, सांगा.

एकदा ते म्हणाले, “पोलिसात बॅचमेट असतील ना तुझे? एका नंबरचा सीडीआर काढून आण.” सीडीआर म्हणजे त्या नंबरच्या कॉलची नोंद. २०१८मध्ये ठाणे पोलिसांनी बेकायदा कॉल रेकॉर्ड विकल्याबद्दल खासगी डिटेक्टिव्ह पकडले होते, ते मला आठवत होतं. मी नाही म्हणाले. माझ्या जागी बावीस वर्षांचं पोरगं असतं, तर त्याने हे कशाच्या आधारावर नाकारलं असतं?

माझीही चूक सांगते. एका प्रकरणात मी काढलेले फोटो ऑफिसच्या ग्रुपवर व्हॉट्सअ‍ॅपने पाठवले आणि फोन भरला म्हणून मूळ फाइली उडवल्या. दोन महिन्यांनी वकिलांनी मूळ फाइल मागितली. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३खाली प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा अंकी ठसा, लिहावी लागते, हे मला तेव्हा कळलं. माझ्याकडे उरली होती व्हॉट्सअ‍ॅपने दाबून लहान केलेली चित्रं. कुटुंबाचे पैसे आणि माझे अकरा दिवस पाण्यात.

पण ज्यासाठी मी ती नोकरी सोडली, ते प्रकरण वेगळं. एक माणूस आला. धाकटी बहीण घरातून निघून गेलीय, आई अन्न घेत नाही, शोधून द्या म्हणाला. रीतसर वाटलं. सहाव्या दिवशी ती मला पिंपरीत दिसली. गळ्यात मंगळसूत्र, हातात भाजीची पिशवी, बरोबर नवरा. सज्ञान मुलगी, जातीबाहेर लग्न केलेली. चालताना दर थोड्या वेळाने मागे वळून बघत होती. ती कुणाला घाबरत असेल, ते मला एका क्षणात समजलं, आणि तो पत्ता माझ्या वहीत होता. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्या-जिल्ह्यात विशेष कक्ष असावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात सांगितलं. तिथे कळवायचं का, अशिलाची गुप्तता मोडते का, पोलिसांत जाऊन मी माझी ओळख काय सांगू? मी फाइलवर ‘पत्ता मिळाला नाही’ असं लिहिलं. म्हणजे पगार घेऊन खोटं लिहिलं.

पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्यसूचीत आहेत, त्यामुळे दिल्लीकडे बोट दाखवू नये, ही विनंती. कॅलिफोर्नियात परवान्यासाठी ६,००० तासांचा अनुभव आणि परीक्षा लागते. तेवढं एकदम नको. पोलिसांच्या कार्डासारखं न दिसणारं एक ओळखपत्र, आधी चारित्र्य पडताळणी, आणि मुंबई-नागपूरच्या न्यायसहायक विज्ञान संस्थांमध्ये दोन-तीन महिन्यांचा अभ्यासक्रम एवढ्याने सुरुवात होईल. आणि नियमांत एक वाक्य स्पष्ट हवं: सज्ञान व्यक्ती स्वतःच्या मर्जीने घर सोडून गेली असेल, तर तिचा पत्ता तिच्या संमतीशिवाय अशिलाला देता येणार नाही. ते वाक्य साहेबांपुढे ठेवून मला उघड नाही म्हणता आलं असतं.

तो भाऊ नंतर दुसऱ्या एजन्सीत गेला, असं जुन्या ऑफिसातल्या एकाने परवा सांगितलं.

आपली,
पुण्यातली एक विनापरवाना डिटेक्टिव्ह