डिस्ट्रिक्ट ॲटर्नी, बॅरिस्टर आणि काळा कोट

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या परदेशाच्या पानावर अमेरिकेतल्या एका खटल्याची बातमी होती. त्यात एक माणूस पहिल्या पॅरात 'जिल्हा सरकारी वकील' होता, तिसऱ्या पॅरात 'जिल्हा न्यायवादी' झाला आणि शेवटाला पोचेपर्यंत 'बॅरिस्टर'. मी दोनदा वाचली, मग बायकोला दिली, ती म्हणाली तिघं वेगळे असतील. तिघं नव्हते हो, एकच होता, डिस्ट्रिक्ट ॲटर्नी.

मी वकील नाही. कोर्टाच्या गेटासमोर माझं टायपिंगचं टेबल होतं, आधी मशीन मग कॉम्प्युटर, एकतीस वर्षं. त्यामुळे कायदा कळत नसला तरी कायद्याची माणसं कोण कुठलं काम करतात ते जरा कळतं, म्हणून हा लांबलचक पत्राचा उपद्व्याप.

आता डिस्ट्रिक्ट ॲटर्नीला 'जिल्हा सरकारी वकील' म्हणणं वरवर बरोबरच वाटतं, कारण आपल्याकडे त्या नावाचं पद खरोखर आहे. पण आपल्या जिल्हा सरकारी वकिलाला सरकार नेमतं, आणि अमेरिकेत बहुतेक राज्यांत हा माणूस चक्क निवडून येतो, बोर्ड लावून, देणग्या गोळा करून, टीव्हीवर जाहिराती करून. आणि कुणावर केस करायची, कुठला गुन्हा लावायचा, कुणाशी तडजोड करायची हेही मुख्यतः तोच ठरवतो. आपल्याकडे तपास करून चार्जशीट आणणार पोलीस, सरकारी वकील ती केस कोर्टात चालवणार. कमला हॅरिस सॅन फ्रान्सिस्कोच्या डिस्ट्रिक्ट ॲटर्नी होत्या २००४ पासून, त्या मतं मागून झाल्या होत्या. 'सरकारी वकील होत्या' एवढंच लिहिलं की राजकारणात त्या नंतर आल्या असं वाटतं, आणि तिथेच सगळी बातमी घसरते.

ॲटर्नी जनरलचं तर विचारूच नका. आपल्या राज्यघटनेच्या मराठी प्रतीत त्याला महान्यायवादी म्हणतात, कलम ७६, तो सरकारला सल्ला देणारा वकील, संसदेत बोलू शकतो पण मत देऊ शकत नाही. अमेरिकेचा ॲटर्नी जनरल मंत्रिमंडळात बसतो, अख्खं न्याय खातं त्याच्या हाताखाली, एफबीआयसुद्धा त्याच खात्यात. इंग्लंडचा ॲटर्नी जनरलही मंत्रीच, पण बहुधा मंत्रिमंडळात नाही, नुसता बैठकीला येणारा. तिघांनाही 'महान्यायवादी' छापलंत तर वाचणारा आपला दिल्लीचा माणूस डोळ्यासमोर आणणार ना. आणि जाता जाता, आपले सॉलिसिटर जनरलही सॉलिसिटर, म्हणजे कागदपत्रं बघणारे वकील, नसतात, ते कोर्टात उभे राहून युक्तिवाद करणारे सिनियर वकील असतात.

सगळ्यात जास्त घोळ बॅरिस्टरचा, आणि त्यात आपला मराठी माणूस भावनेने अडकलाय. आपल्याकडे नावापुढे 'बॅ.' लागलं की माणूस वकिलापेक्षा एक मजला वर. खरं तर ती डिग्रीच नाही. लंडनला चार इन, म्हणजे वकिलांच्या जुन्या संस्था, आहेत, लिंकन्स, ग्रेज, इनर टेंपल आणि मिडल टेंपल, त्यांच्यापैकी एकाचं सभासद व्हायचं, परीक्षा द्यायची, ठरलेली जेवणं तिथे जेवायची (हो, जेवणं मोजायचे!) आणि मग ते तुम्हाला बारवर बोलावतात, म्हणजे बॅरिस्टर करून घेतात. गांधीजींना इनर टेंपलने १८९१ ला बोलावलं, बाबासाहेबांना ग्रेज इनने १९२२ ला. सावरकर त्याच ग्रेज इनमध्ये परीक्षा पास झालेले, पण १९०९ मध्ये त्यांना बोलावलंच नाही, त्यांच्या राजकारणामुळे. युनिव्हर्सिटीची डिग्री असती तर पास झालेल्याला अशी अडवता आली असती का?

इंग्लंडात रीत अशी की पक्षकार आधी सॉलिसिटरकडे जाणार, कागदपत्रं, करार, पत्रव्यवहार तो बघणार आणि मोठ्या कोर्टात भांडायची वेळ आली की तो बॅरिस्टर गाठणार. आता तीही भिंत पातळ झालीय, १९९० च्या कायद्यानंतर जादा परवाना घेऊन सॉलिसिटरही वरच्या कोर्टात उभे राहतात. स्कॉटलंडला तर बॅरिस्टर म्हणतच नाहीत, तिथे कोर्टात उभा राहणारा तो ॲडव्होकेट. कॅनडात क्वेबेक सोडून बहुतेक ठिकाणी एकाच माणसाच्या पाटीवर 'बॅरिस्टर अँड सॉलिसिटर'. आणि अमेरिकेत हा प्रकारच नाही, तिथे सगळे ॲटर्नी, फक्त परवाना एकेका राज्याचा. म्हणजे तुमच्या बातमीतला बॅरिस्टर आला कुठून?

आपणही हे सगळं भोगलंय. मुंबई हायकोर्टाच्या ओरिजनल साइडला, म्हणजे जिथे दावे थेट हायकोर्टातच दाखल होतात तिथे, आधी ॲटर्नी गाठायचा आणि मग त्याच्यामार्फत कोर्टात बोलणारा, अशी दोन माणसांची फी भरायची पद्धत होती. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने देशभर एकच जात केली, ॲडव्होकेट, तरी मुंबईचे ॲटर्नी टिकून राहिले ते १९७६ च्या दुरुस्तीपर्यंत. फोर्टात अजून सॉलिसिटरच्या पाट्या दिसतात, त्याची परीक्षाही बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी घेते, पण कायद्याच्या हिशेबाने तेही ॲडव्होकेटच.

माझ्या टेबलावरची एक गोष्ट सांगतो. एका गिऱ्हाइकाचा मुलगा न्यू जर्सीत, इकडची जमीन बघायला त्याने वडिलांच्या नावे पॉवर ऑफ ॲटर्नी पाठवली. म्हातारबाबा कागद घेऊन माझ्याकडे, घाबरलेले, मला विचारतात की पोरानं मला ॲटर्नी केलंय, आता काळा कोट घालून उभं राहावं लागणार का. म्हटलं बाबा, हे आपलं कुलमुखत्यारपत्र, तुम्ही मुखत्यार झालात, वकील नाही. बघा, इंग्रजीत दोघांनाही ॲटर्नीच म्हणतात, मराठीत मात्र शब्द कधीपासून वेगळे आहेत. मग त्यांचा दुसरा प्रश्न, खाली शिक्का मारणाऱ्या बाईंना वकील म्हणून फोन करू का, कागद बरोबर आहे ना ते विचारायला. त्या बाई नोटरी, आणि बँकेत कामाला! तिकडे बहुतेक राज्यांत नोटरी व्हायला वकील असावं लागत नाही, सही करणारा माणूस तोच आहे ना एवढंच बघायचं. आपल्याकडे साधारण दहा वर्षं वकिली झालेला माणूस नोटरी होतो. त्या बाबांचे आठ दिवस यात गेले, अपोस्टिलचा कागद, म्हणजे शिक्का खरा असल्याचा तिकडचा सरकारी दाखला, जोडलेला होता म्हणून बरं, नाहीतर तीन महिन्यांत मुद्रांक भरायचा असतो तोही चुकला असता.

याच शब्दामुळे अमेरिकेत मेक्सिकोकडून आलेल्या लोकांची फसवणूक होते, कारण त्यांच्या देशात 'नोतारिओ' म्हणजे बडा कायदेपंडित आणि अमेरिकेत तीच पाटी लावून कुणीही शिक्केवाला कागद करून देतो. लांब कशाला, गोव्यात बघा, पोर्तुगीज कायद्याची परंपरा असल्यामुळे तिथे स्पेशल नोटरी म्हणून सरकारी अधिकारी आहे, त्याच्यासमोर त्याच्या वहीत मृत्युपत्र होतं, वारसांचा दस्तही होतो. दोडामार्गची हद्द ओलांडली की नोटरीचा अर्थ बदलला.

आणि वकील हा शब्द आपण उगाच कमी समजतो. पेशव्यांचे दिल्ली दरबारातले वकील हिंगणे, ते काही कोर्टात उभे राहत नव्हते, ते धन्याच्या वतीने बोलत होते. वतीने बोलणारा, हाच त्याचा अर्थ. न्यूयॉर्कपासून स्कॉटलंडपर्यंत कुठल्याही माणसाला तो शब्द चालतो. तेव्हा आधी सरळ 'वकील' लिहा आणि तो नक्की काय करतो ते चार शब्दांत जोडा, जागा फार जात नाही. इंग्रजी नाव ठेवायचंच तर त्याच देशाचं ठेवा.

कोर्टाच्या कागदात चूक झाली तर आम्ही व्हाइटनर लावत नसू, काट मारून बाजूला सही घेत असू. त्या बातमीची दुरुस्ती अजून दिसली नाही. छापलीत तर 'निवडून आलेला सरकारी वकील' एवढं पुरे, आणि तो बॅरिस्टर तेवढा काढून टाका.

आपला,
एक जुना वाचक, सातारा