फियाट विकू नको, आणि नवी पण करू नको

सातारा
रविवार, रात्री उशिरा

प्रिय भावड्या,

तुझा मेसेज वाचला आणि लगेच फोन लावणार होतो, पण फोनवर तू हो-हो म्हणतोस आणि शेवटी तुझ्याच मनाचं करतोस हे मला सांगलीला वालचंदच्या हॉस्टेलपासून माहितीय, म्हणून सरळ लिहायला बसलो. जरा लांबेल, नीट वाच.

काकांची 68 ची फियाट वाईच्या वाड्यात अजून उभी आहे हे वाचूनच मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. आणि पुढच्याच ओळीत तू लिहिलंयस की पुण्याचा एक जण गाडी बघून गेला, मारुतीचं इंजिन टाकतो म्हणाला, मेटॅलिक लाल मारतो, अलॉय व्हील, एसी, पॉवर स्टिअरिंग, सहा महिन्यांत एकदम नवी करून देतो, आणि तू अ‍ॅडव्हान्स द्यायच्या बेतात आहेस. गड्या, हात जोडतो, थांब. विकायची नाही हे तू ठरवलंस ते फार चांगलं केलंस, पण नवी पण करू नको. नवी करायच्या नादात काकांची गाडी जाईल आणि फियाटचा पत्रा पांघरलेली दुसरीच कुठलीतरी गाडी दारात येईल.

तुला आठवत असेल, कॉलेजच्या गेटवर वालचंद हिराचंदांचं नाव आपण रोज वाचायचो आणि विचार कुणीच करत नव्हतो. तीच ही माणसं रे, ज्यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात 1947 पासून आधी डॉज-प्लिमथ गाड्या जोडायला लागले आणि मग फियाट आली. सुरुवातीची ती गोल पाठीची डुक्कर फियाट, पुढची दारं उलटी उघडायची ती, मग आपली 1100-डी, आणि 1974 पासून तिचीच पद्मिनी झाली. काकांनी घेतली तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. नवीन नंबर सिस्टीम आली 1989 ला, म्हणजे काकांच्या गाडीवर साताऱ्याच्या एमएच-11 च्या आधीचा तीन अक्षरी नंबर असणार. ती प्लेट जपून ठेव, फेकू देऊ नको कुणाला.

आता तू विचारशील की मी एवढा जीव तोडून का सांगतोय. तर आमच्या ग्रुपमध्ये हाच वाद कायम चाललेला असतो. ग्रुप म्हणजे क्लबच म्हणायचं, पण पावती-बिवती काही नाही, एका मेंबरची एमआयडीसीत शेड आहे, रविवारी सकाळी सगळे तिथं जमतात, एक डुक्कर फियाट, दोन-तीन विलीज जीप, जावा, येझदी आणि प्रिया स्कूटर तर विचारूच नको, कारण प्रिया ही साताऱ्याचीच पोरगी. महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना इथला, 1975 साली कंपनी झाली, आणि आमच्यातले एक काका त्या लाईनवर होते. ते आज पण प्रियाचं साइड पॅनल हातात घेतलं की पत्रा दाबून सांगतात हा कंपनीचा का बाहेरचा. मी स्वतः बघितलंय, अंगठ्यानं कडेची घडी चाचपतात आणि बोलून मोकळे होतात, आणि चुकत नाहीत.

तर वाद असा की निम्म्या लोकांना गाडी चकाचक पाहिजे. आरशासारखा पेंट, नव्या क्रोमचे बंपर, सीटला नवं लेदर. मागं एका शोला आम्ही गेलो होतो, तिथं एक गाडी होती, मालकाच्या आजोबांनी घेतलेली, रंग मूळचा, ठिकठिकाणी विटलेला, सीट मूळच्या, आतलं घड्याळसुद्धा चालू. तिच्याकडं परीक्षकांनी बघितलं पण नाही आणि बक्षीस मिळालं एका गाडीला जिच्यात ग्रिलपासून डॅशबोर्डपर्यंत मूळचं काही शिल्लक नव्हतं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. परत येताना खंबाटकीपर्यंत गाडीत सगळे भांडत होते आणि मी मूळवाल्यांच्या बाजूनं सगळ्यात मोठ्यानं.

आणि हे फक्त आमचंच खूळ नाही बरं का. जगातल्या जुन्या गाड्यांच्या क्लबांची मिळून फिवा म्हणून संस्था आहे, 1966 पासूनची, त्यांनी ट्युरिन चार्टर म्हणून नियमावलीच केलीय, त्यात पण सूर हाच की आधी जपा, मग गरजेपुरतं दुरुस्त करा, आणि जे बदलाल ते उघड दिसू दे, त्याची नोंद ठेवा. इंग्लंडमध्ये 1905 च्या आधीच्या गाड्या अजून लंडनहून ब्रायटनला स्वतःच्या इंजिनावर जातात. म्हणजे जपणं म्हणजे कपाटात ठेवणं पण नाही. चालवायची, पण तिचीच तिला चालवायची.

माझ्या गाडीचं सांगतो. कोरेगावच्या बाजूला एका गोठ्यात सापडली होती, पांढरी, वर दुकानाच्या बोर्डाला मारतात तसला ऑइलपेंट मारलेला. सगळे म्हणाले ब्लोअर फिरवा, पत्र्यापर्यंत खरवडा आणि नवीन रंग मारा. आमचे पेंटर मामा म्हणाले थांबा. त्यांनी बारीक पाणीपेपर घेतला, दाराच्या बिजागरीपाशी, रबराच्या आतल्या बाजूला, जिथं कुणाचा ब्रश जात नाही, तिथं रुपयाएवढी जागा पाणी मारत मारत घासायला घेतली. आधी पांढरा गेला, खाली निळा निघाला, त्याखाली चॉकलेटीसारखा एक, मग लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, राखाडी पट्टा, आणि त्याखाली फिका हिरवट करडा रंग, एकदम शांत, आणि त्याच्याखाली प्रायमर आणि पत्रा. मामा बोटानं पाणी पुसत म्हणाले, "हा बघा, हा कुर्ल्याचा." नंतर ग्लोव्ह बॉक्सच्या आत आणि डिकीच्या मॅटखाली तोच रंग अख्खा सापडला. आता सांग, ब्लोअर फिरवला असता तर हे कळलं असतं का? म्हणून तुला सांगतो, काकांच्या गाडीला पॉलिश पेपर काहीही लावायच्या आधी असल्या कोपऱ्यांत रंग बघ. माझा अंदाज, काकांनी कधी रंग बदललाच नसेल, ते किती टापटीप होते तुला माहितीय. मूळ रंग असेल तर तो विटलेला असला तरी लाखमोलाचा आहे, नुसतं धुवून पुसून मेण लावायचं बस.

इंजिनाचं पण तसंच. 1089 सीसीचं साधं सरळ चार सिलेंडर इंजिन आहे, सगळं डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं, कार्बोरेटर, प्लगला ठिणगी वाटणारा डेल्को, डायनामो, मेकॅनिकल पेट्रोल पंप. बंद पडली तर कारण तिथंच सापडतं. बरीच वर्षं उभी आहे म्हणजे पिस्टन धरलेले, गंजून अडकलेले असणार, पण धरलेलं इंजिन म्हणजे गेलेलं इंजिन नव्हे. कुणालाही बॅटरी लावून सेल्फ मारू देऊ नको, पिस्टनच्या रिंगा तुटतील. चारी प्लग काढायचे, भोकातून थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल सोडायचं, चांगलं मुरू द्यायचं, मग टॉप गिअरला टाकून गाडी हळूच मागंपुढं ढकलून बघायची. सुटलं की जुनं ऑइल काढून टाकायचं, आणि मगच पुढचं. ब्रेकचे व्हील सिलेंडर नक्की जाम असणार, त्यांची रबर किट बदलावीच लागतात, तिथं मूळ-बिळ बघत बसायचं नाही, जीवाचा प्रश्न आहे. टायर पण तसेच. वायरिंग उंदरांनी खाल्लं असेल तर नवीन करायचं, पण रंग बघून, जुन्या वायरीच्या रंगाला तोच रंग.

पेट्रोलचं मात्र खास लक्ष दे. आता पंपावर जे मिळतं त्यात 20 टक्के इथेनॉल आहे, आणि ते आपल्याच कारखान्यांच्या उसाचं पण असणार, शेतकऱ्याला पैसे मिळतात, चांगलंच आहे, माझ्या मामाचा ऊस पण कारखान्यालाच जातो. पण 68 सालच्या गाडीतले रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम ह्या पेट्रोलसाठी बनलेलेच नाहीत. इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि कडक पण करतं, मग पाइपला चिरा जातात आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकायला लागतं, म्हणजे आग. शिवाय ते हवेतलं पाणी ओढतं, गाडी महिनोनमहिने उभी राहिली की टाकीत खाली पाणी साठून गंज धरतो, आणि टाकीतला जुना गाळ सुटून कार्बोरेटरचे जेट बंद होतात. आमच्याकडं सगळ्यांनी इथेनॉल सोसणाऱ्या व्हिटॉन रबराचे पाइप घातलेत, टाकीनंतर एक पारदर्शक फिल्टर लावलाय, आणि गाडी जास्त दिवस उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करतो. तुझ्या गाडीत आधी टाकी उतरवायची, आतलं सडकं पेट्रोल काढायचं, धुवायची, मग बाकीचं.

आणि उन्हाळ्यात पसरणीचा घाट चढताना तिचा पंप तापून पेट्रोलची वाफ होते आणि गाडी मान टाकते, तेव्हा घाबरायचं नाही. काका करायचे तेच करायचं, ओलं फडकं पंपावर टाकायचं आणि दांडेघरच्या बाजूनं येणारा वारा खात बसायचं. आठवतं का, आपण पाचगणीला जाताना काकांनी तुझ्या टॉवेलचा बळी दिला होता ते.

पार्टची काळजी करू नको. पद्मिनी सन 2000 च्या आसपासपर्यंत निघत होती आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या 2023 पर्यंत रस्त्यावर होत्या, त्यामुळं कुर्ल्याला सीएसटी रोडला अजून बरंच मिळतं, आणि पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चिकाटीनं बसलास तर हबकॅप, काचा, लाइटच्या रिंगा असलं सापडतं. पार्टपेक्षा मला माणसांची काळजी वाटते. आमचे मिस्त्री चाचा डेल्कोतल्या पॉइंटला बल्ब लावून ठिणगीचं टायमिंग लावतात, बल्ब कधी पेटतो कधी विझतो त्यावर, आणि मग नुसत्या आवाजावर कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा आटा इकडं-तिकडं करतात, आणि गाडी अशी शांत बसते की बॉनेटवर ग्लास ठेव. त्यांच्या हाताखाली आलेली पोरं हुशार आहेत पण त्यांना स्कॅनर लावायची सवय, आणि ह्या गाडीला स्कॅनर लावायला जागाच नाही. चाचांचे हात अजून चालतात, डोळे कमी झालेत. म्हणून मी घाई करतोय. दोन वर्षांनी बघू म्हणशील तर गाडी असेल, तिला जाणणारा माणूस असेल का सांगता येत नाही. आम्ही एका पोराला रविवारी त्यांच्याजवळ बसवतो, वहीत लिहून घेतो, व्हिडिओ काढतो, पण हाताची गोष्ट हातालाच कळते रे.

कागदाचं बघ. 2021 साली केंद्रानं विंटेज गाड्यांचे नियम काढलेत, 50 वर्षांवरची गाडी, आणि चॅसी, बॉडी, इंजिन मूळ पाहिजे, मोठा फेरबदल चालत नाही. नवीन नोंदणी केली तर 20,000 रुपये, दहा वर्षांसाठी, व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, पण आधीची नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, म्हणजे तुझं काम सोपं. फक्त मग रोज ऑफिसला न्यायची गाडी नाही राहत ती, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला एवढंच. आता तूच बघ, मारुतीचं इंजिन टाकलंस तर हा रस्ताच बंद.

तर असं कर. शनिवारी मुक्कामाला ये, वहिनींना आणि पोरांना पण आण, हिनं आत्ताच पुरणपोळीचं ठरवलंय. रविवारी सकाळी शेडवर जाऊ, तुला सगळ्यांच्या गाड्या दाखवतो, चाचांना आणि पेंटर मामांना घेऊ आणि तिथनंच वाईला येऊ. तोपर्यंत गाडी हलवू नको, धुवू पण नको, प्रेशरच्या पाण्यानं तर मुळीच नको. जशी आहे तशी चारी बाजूंनी, आतून, बॉनेट उघडून, चॅसी नंबरच्या प्लेटचे, भरपूर फोटो काढून ठेव. आणि काकूंना विचार, जुन्या अल्बममध्ये गाडीपाशी उभं राहून काढलेले फोटो असतील, तुझ्या मुंजीचा एक मला नक्की आठवतो, त्यात बंपर आणि हबकॅप कुठले होते ते कळेल. आरसी बुक आणि काकांनी पावत्या ठेवलेली ती हिरवी फाइल घेऊन ये.

आणि पुण्याच्या त्या माणसाला उद्या सकाळीच फोन करून नाही सांग.

तुझाच,
सातारकर