बीटल्स, बीच बॉइज आणि 'नक्कल' हा शब्द

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील साठच्या दशकातील रॉक संगीतावरचा लेख आवडीने वाचला. मराठीत या विषयावर इतक्या विस्ताराने क्वचितच लिहिले जाते, त्याबद्दल लेखकाचे मनापासून आभार. मात्र इंग्लंडचा बीटल्स आणि अमेरिकेचा बीच बॉइज हे दोन बँड १९६५ ते १९६७ या काळात एकमेकांची 'नक्कल करत' मोठे झाले, हे त्यातील विधान मला पटले नाही. त्या काळातील तबकड्या निघाल्या त्या क्रमाने ऐकल्या, तर हा शब्द तेथे बसत नाही.

डिसेंबर १९६५ मध्ये बीटल्सचा 'रबर सोल' हा अल्बम आला आणि तो ऐकून बीच बॉइजचे संगीतकार ब्रायन विल्सन भारावून गेले. अल्बम म्हणजे गाजलेली एक-दोन गाणी आणि उरलेल्या जागेत भरतीचा माल, हा तेव्हाचा सर्रास प्रकार होता. येथे मात्र सारी गाणी एकाच घरातली वाटतात, ही गोष्ट त्यांच्या मनात घर करून बसली. परंतु विल्सन यांनी ऐकलेली तबकडी बीटल्सनी लावलेल्या क्रमाची नव्हतीच. इंग्लंडमधील १४ गाण्यांपैकी चार वगळून आणि 'हेल्प!' या आधीच्या अल्बमच्या इंग्लंडमधील आवृत्तीतली दोन गाणी घालून कॅपिटॉल या तबकड्या काढणाऱ्या कंपनीने अमेरिकेसाठी १२ गाण्यांची वेगळी आवृत्ती काढली होती आणि आरंभीच अकूस्टिक गिटारवरचे गाणे आल्यामुळे ती अधिक एकजिनसी वाटत होती. ही कॅपिटॉल म्हणजे बीच बॉइजचीही कंपनी. ज्या एकसंधपणाने विल्सन यांना झपाटले, त्यात काही वाटा कंपनीच्या काटछाटीचाही होता. मूळ वस्तूच समोर नसताना तिची नक्कल व्हावी कशी?

मे १९६६ मधील 'पेट साउंड्स' हा बीच बॉइजचा अल्बम ऐकताना 'रबर सोल'ची चाल किंवा वाद्यरचना कोठेही ओळखू येत नाही. बँडचे बाकीचे सदस्य जपानच्या दौऱ्यावर असताना विल्सन यांनी लॉस एंजेलिसमधील व्यावसायिक वादकांना घेऊन त्यातील संगीताचा मोठा भाग उभा केला. त्यात सायकलची घंटा आहे, तसेच अखेरीस धडधडत जाणारी आगगाडी आणि विल्सन यांच्या स्वतःच्या कुत्र्यांचे भुंकणेही आहे. 'रबर सोल'कडून त्यांनी घेतले ते एवढेच, की अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत जीव ओतून करता येतो.

याच मे महिन्यात बीच बॉइजचे ब्रूस जॉन्स्टन ती तबकडी घेऊन लंडनला गेले आणि हॉटेलच्या खोलीत त्यांनी ती बीटल्सच्या जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांना ऐकवली. जूनमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या बीटल्सच्या 'हिअर, देअर अँड एव्हरीव्हेअर' या गाण्यातील थरावर थर चढवलेल्या आवाजांत तिचा प्रभाव ऐकू येतो. मला त्याहून मोलाचा वाटतो तो बेस गिटारवरील परिणाम. कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचा, मूळ स्वर धरून ठेवणे हे बेसचे काम, असा साधारण समज होता. विल्सन यांच्या रचनांत बेस अनेकदा त्याच कॉर्डमधील दुसऱ्या स्वरावर जाऊन थांबतो आणि त्यामुळे वरची साधी चालही अधांतरी, हुरहुर लावणारी होते. मॅकार्टनी स्वतः बेसवादक; त्यांनी हे नेमके टिपले आणि हे ऋण पुढे अनेकदा मोकळेपणाने सांगितले. बीटल्सच्या १९६७ च्या 'सार्जंट पेपर' या अल्बममध्ये अनेक गाण्यांत बाकीचे सारे उरकल्यावर त्यांनी बेस स्वतंत्र ट्रॅकवर वाजवला. त्यातील सुरावट सर्वस्वी त्यांची आहे. बेसने स्वतंत्रपणे गावे, ही मोकळीक तेवढी विल्सन यांच्याकडून आली. 'पेट साउंड्स' नसता तर 'सार्जंट पेपर' झाला नसता, असे त्याचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनीच सांगून ठेवले आहे.

आपल्याकडच्या कलगी-तुऱ्यात समोरच्या फडाचा सवाल नीट कान देऊन ऐकल्याखेरीज जवाब रचता येत नाही आणि तोच सवाल परत म्हणून दाखवला तर तो जवाब ठरत नाही. या दोन बँडमधील नाते मला त्या जातीचे वाटते.

नक्कल कशी असते, याचे उदाहरण हवे असेल तर ते रोलिंग स्टोन्स या इंग्लंडच्याच बँडच्या डिसेंबर १९६७ मधील अल्बममध्ये सापडते. 'सार्जंट पेपर'चा थाट अंगावर घेण्याचा तो प्रयत्न त्यांना पेलला नाही आणि पुढच्याच वर्षी ते आपल्या ब्लूजकडे परतले. याच स्टोन्सनी १९६६ मध्ये 'पेंट इट ब्लॅक' या गाण्यात सतार घेतली, तेव्हा मात्र बीटल्सच्या 'नॉर्वेजियन वुड'मधील हळुवार सतारीपेक्षा अगदी निराळा, आक्रमक वापर केला होता. एकाच बँडकडून दोन्ही गोष्टी घडल्या असल्यामुळे हा फरक विशेष स्पष्ट होतो.

लेखातील आणखी एक मुद्दा दुरुस्त व्हावा. 'सार्जंट पेपर' बाजारात आल्यावर खचून विल्सन यांनी 'स्माइल' हा अल्बम सोडला, असे लेखक म्हणतात. वास्तविक तो गुंडाळल्याची बातमी मे १९६७ च्या आरंभीच छापून आली होती, तर 'सार्जंट पेपर' त्यानंतर काही आठवड्यांनी प्रकाशित झाला. विल्सन यांची ढासळती मनःस्थिती, बँडमधील मतभेद आणि कॅपिटॉलशी चाललेला कोर्टकज्जा ही कारणे त्याआधीपासूनच होती. स्पर्धेचा ताण त्यांना जाणवत नव्हता, असे मी म्हणणार नाही. पण एका आजारी माणसाच्या पीडेचे खापर प्रतिस्पर्ध्याच्या तबकडीवर फोडणे दोघांवरही अन्याय करणारे आहे. 'स्माइल' त्यांनी २००४ मध्ये नव्याने ध्वनिमुद्रित करून पूर्णत्वाला नेला. जून २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा मॅकार्टनी यांनीही त्यांना आदरांजली वाहिली.

लेखमालेचा पुढील भाग येणार असल्याचे वाचले. त्यात कोणत्या गाण्यातील कोणती गोष्ट कोठे गेली, हे लेखकाने गाण्यागणिक दाखवावे आणि इंग्लंड व अमेरिका येथील आवृत्त्या वेगळ्या असतील तेथे तसा उल्लेख करावा, ही विनंती. शक्य झाल्यास १९६५ ते १९६७ मधील अल्बम प्रकाशनाच्या तारखांसह एका चौकटीत छापावेत, म्हणजे नव्या श्रोत्यांना ते त्याच क्रमाने ऐकता येतील.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, डोंबिवली