जंगलाची मोजणी नुसती वरून होत नाही

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जंगलांवरचा लेख वाचला. काल दिवसभर लिहू की नको असं चाललं होतं, शेवटी राहवलं नाही. लेखकांचा उपग्रहांचा अभ्यास चांगला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आता टेप घेऊन रानात फिरायची गरज उरलेली नाही, सगळं वरून दिसतं, हे शेवटच्या परिच्छेदातलं विधान वाचून संताप आला. हेच मी पूर्वी एकदा ऐकलं आहे, आणि त्यानं काय होतं तेही पाहिलं आहे.

मी एका वनभूखंडावर बारा वर्षं मोजणीचं काम केलं. एक सेंटिमीटर किंवा त्याहून जाड असलेलं प्रत्येक खोड शोधायचं, त्याला नंबरचा अ‍ॅल्युमिनियमचा बिल्ला लावायचा, जमिनीपासून १.३ मीटरवर रंगाची रेघ मारायची आणि पाच वर्षांनी येऊन त्याच रेघेवर पुन्हा मोजायचं. रेघ चार बोटं वरखाली झाली तर वहीत वाढतं झाडसुद्धा आक्रसलेलं दिसतं. मोठ्या झाडाला खिळा पूर्ण ठोकायचा नाही, नाहीतर खोड जाड होताना साल बिल्ला गिळून टाकते. बारीक रोपांना सैल तारेत अडकवायचा.

११२६ नंबरचं एक रोप मला अजून आठवतं. अंगठ्याएवढं जाड, उंची माझ्या डोक्याच्या जराशी वर. दोन मोजण्यांमध्ये पाच वर्षं गेली आणि व्यास वाढला दोन मिलिमीटर. माझ्याबरोबरच्या मुलानं विचारलं, "ताई, हे मेलंय का?" मी नखानं साल थोडी खरवडून दाखवली, आत हिरवं होतं. शेजारी एक प्रचंड वृक्ष सगळा उजेड अडवून उभा होता आणि हे त्याच्याखाली तग धरून होतं. पुढे दोन वर्षांनी तो वृक्ष वादळात उन्मळून पडला. रोपाच्या डोक्यावर आभाळ मोकळं झालं. इतकी वर्षं सावलीत काढलेलं रोप उजेड मिळाल्यावर उसळी घेतं, की वेली त्याला दाबून टाकतात, हे तिसऱ्या मोजणीत कळणार होतं.

तिसऱ्या मोजणीच्या तोंडावर काम बंद झालं. दोन ओळींचं पत्र आलं. उपग्रहाची चित्रं उपलब्ध असल्यानं हा खर्च अनावश्यक, एवढंच कारण. मधल्या काळात एक अत्यंत कोरडं वर्ष येऊन गेलं होतं. त्यात किती रोपं गेली, कुठल्या जातींची गेली, मोठ्या झाडांनी मार खाल्ला की लहानांनी, याचं उत्तर आता कधीच मिळणार नाही. राहून गेलेली मोजणी मागाहून करता येत नाही, हे त्या पत्रावर सही करणाऱ्याला कळलं नाही, आणि आपल्या लेखकांनाही कळलेलं दिसत नाही.

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूकच्या जंगलाचंच पाहा. तिथे १९६३ पासून दर आठवड्याला पावसाचं आणि ओढ्याचं पाणी बाटलीत भरून तपासलं जातं. इतकं कंटाळवाणं काम की कुणी त्यावर लेख लिहिणार नाही. पण उत्तर अमेरिकेत आम्लाचा पाऊस पडतो आहे हे त्या बाटल्यांमधूनच पुढे आलं. त्या पावसानं मातीतलं कॅल्शियम धुऊन नेलं होतं. जंगल उभं होतं, हिरवं होतं, आणि १९८० च्या दशकात त्याची वाढ जवळपास थांबली होती. १९९९ मध्ये एका ओढ्याच्या पाणलोटात हेलिकॉप्टरनं कॅल्शियम पसरलं, तेव्हा तिथली झाडं सावरू लागली. जुन्या नोंदी नसत्या तर मातीतून काय गेलं हे सांगणार कोण? पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावरच्या ५० हेक्टरांत १९८३ च्या दुष्काळात झाडं मरण्याचं प्रमाण वाढलं आणि ओलाव्यावर जगणाऱ्या काही जाती पुढेही वर्षानुवर्षं घटत राहिल्या, हे कळलं तेही बिल्ले आणि टेपमुळेच. ओरेगनमध्ये पडलेले ओंडके कसे कुजतात याचा प्रयोग १९८५ मध्ये सुरू झाला, तो आखलाच आहे २०० वर्षांसाठी. सुरू करणाऱ्यांपैकी एकही जण त्याचा शेवट पाहणार नाही.

उपग्रह हवेतच. एका भूखंडावरून अख्ख्या डोंगररांगेचं सांगता येत नाही, एका उताराचं पलीकडच्या उताराला लागू पडत नाही. जंगल कुठे तुटलं, कुठे परत आलं, हे १९७२ पासूनच्या लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या चित्रांशिवाय इतक्या विस्तारावर कुणाला दिसलं असतं? पण पानांचा थर फार दाट झाला की त्या चित्रांतला हिरवेपणाचा आकडा वाढायचाच थांबतो. आणि वरून आलेल्या आकड्यावरून जंगलात लाकूड किती, कार्बन किती हे काढायचं तर तो पडताळायला जमिनीवरची मोजणीच लागते. टेप बंद केली की उपग्रहाचा आकडा खरा की खोटा हे ताडून पाहायचं साधनच गेलं.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतच्या छायाचित्राखाली 'घनदाट जंगल' असं छापलं आहे. त्या छायाचित्रात एकाच जातीची, एकाच वयाची झाडं सरळ रांगांत उभी आहेत, खाली एक रोप नाही, एक वेल नाही, पडलेला एक ओंडका नाही. ती लागवड आहे. पुढच्या रविवारी ती ओळ दुरुस्त करून छापावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक